चहावाली आक्का आणि कानबाईची नथ: खान्देशी रहस्यकथेचा आराखडा, मदत हवी

तापीकाठ (धागाकर्ती)

मंडळी, एक रहस्यकथा लिहायला घेतली आहे. आराखडा इथे मांडते. खान्देशातले पुष्कळ जण इथे आहेत, त्यांनी तो कसून तपासावा म्हणून हा धागा.

कथेत खून नाही, रक्त नाही. लहान गाव, एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखणारी माणसं, एक वस्तू नाहीशी होते आणि पोलिसांशी काही संबंध नसलेलं एक माणूस तिचा माग काढतं. परदेशात या प्रकाराची पुस्तकं ढिगाने निघतात. तिथे बेकरीवाल्या बाई, पुस्तकांच्या दुकानाची मालकीण, विणकाम करणाऱ्या आज्या तपास करतात. आपल्याकडे हे काम चहाच्या दुकानाकडेच जायला हवं असं मला मनापासून वाटतं. कोण पहाटेच्या गाडीने गेलं, कोणाची उधारी अचानक फिटली, कोणी नेहमीचा चहा अर्धा टाकून उठलं, हे गावात दुसऱ्या कोणाला दिसतं?

गाव चोपडा तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं. नाव कल्पित ठेवेन. गावच्या एसटी थांब्यावर आक्काचं दुकान. आक्का पन्नाशी ओलांडलेली, नवरा गेल्यापासून दुकान एकटी चालवते, मागेच तिचं दोन खोल्यांचं घर. रात्री मुक्कामी गाडी येते, ड्रायव्हर-कंडक्टरला चहा दिल्यावरच तिची शेगडी विझते.

श्रावण. नागपंचमीनंतरचा रविवार, आप्पांच्या वाड्यात कानबाई, म्हणजे आम्हा खान्देशींची घरात बसवायची देवी, बसली आहे. पुणे, नाशिक, सुरतेहून सगळी भाऊबंदकी जमली आहे. रात्रभर जागरण, गाणी. सोमवारी सकाळी विसर्जनाला कानबाई उचलायच्या वेळी लक्षात येतं की तिची नथ नाही. सोन्याची, खऱ्या मोत्यांची, आजेसासूच्याही आधीपासून घरात असलेली. झडती होते, पिशव्या उलट्या होतात, काही सापडत नाही. गाव बोट दाखवतं ते केळीचे खांब आणून बांधणाऱ्या मजूर पोराकडे. तो सातपुड्यातल्या पाड्यावरचा, पावरा आदिवासी.

नथ चोरणाऱ्याने ती खांबातच लपवली आहे. कानबाईच्या चौरंगाला बांधलेल्या केळीच्या खांबाला मागून चीर देऊन सोपटाच्या, म्हणजे खांबाच्या सालीच्या, आत सरकवली. खांब विसर्जनानंतर ढोरांना घालतात, तेव्हा काढून घेऊ असा बेत. आक्काला सुगावा लागतो तो सकाळी चहा प्यायला आलेल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवरून. बाहीवर तपकिरी डाग आहेत. तो म्हणतो, चहा सांडला. आक्का जन्मभर चहाचे डाग धुत आली आहे. तिला दिसतं की हा चहा नाही.

चोर कोण, हे वाचणाऱ्यांसाठी सांगून टाकते, नाहीतर तपासणार कसं: घरचा जावई.

आता मारा दगड.

लळिंग

भारी लिखेल शे ताई! कानबाई म्हटलं की आम्हा धुळ्याच्या माणसाचा जीव तिथेच अडकतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, नुसती नथ म्हणू नका. आमच्याकडे कानबाई म्हणजे परणेलं, लग्न लागलेलं नारळ, पिढ्यान् पिढ्या जपलेलं. त्याला डोळे, नथ, दागिने घालून सजवतात. त्या नथीची किंमत सोन्यात मोजता येत नाही. ती गेली म्हणजे देवीचा साज मोडला, आणि विसर्जन करायचं की थांबायचं हा पहिला प्रश्न घरात उठेल. पोलीस वगैरे नंतर. हा प्रसंग नीट लिहा. आजी काय म्हणते त्यावर सगळं घर चालेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही जावई चोर ठरवलात आणि हातात असलेला सगळ्यात मोठा धागा सोडून दिलात. रोट! कानबाईचा रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, कुळातल्यांनीच खायचा. घरोघरी रीत वेगळी, पण आमच्याकडे दिल्या घरी गेलेली लेक आणि जावई रोटाला नाहीत. त्यांचं ताट वेगळं. म्हणजे रविवारी संध्याकाळी अख्खं कुळ आतल्या खोलीत रोटाला बसलेलं असताना पुढच्या खोलीत कानबाईपाशी कोण असेल? ज्याला रोट चालत नाही तो.

तापीकाठ

लळिंग, अंगावर काटा आला. हे घेतेच. चोराला संधी देवघराच्या नियमानेच मिळाली. आणि खान्देशाबाहेरच्या वाचकासाठी रोटाची रीत आधी कुठेतरी सहज पेरावी लागेल, म्हणजे शेवटी फसवल्यासारखं वाटणार नाही.

वाचनवेडी

माहेर अमळनेर, राहते पुण्यात, रहस्यकथा हा श्वास आहे. म्हणून थोडं कडक बोलते.

रोटाच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी चोरी झाली असेल तर पुढे रात्रभर बायका कानबाईसमोर बसून गाणी म्हणणार. सगळ्यांची नजर तिच्यावर. नाकात नथ नाही हे एकीलाही दिसलं नाही? ही चीर खांबाच्या चिरेपेक्षा मोठी आहे.

चोरी पहाटे केली, बायका अंघोळीला गेल्यावर, तर हा प्रश्न सुटतो. पण मग रोटाचा सुंदर धागा हातचा जातो. काहीतरी एक निवडावं लागेल.

केळीवाला_रावेर

पहाटे चालणार नाही. मी बागायतदार आहे, केळीच्या चिकाशी रोजचा संबंध.

चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. हवा लागली की हळूहळू तांबूस, मग तपकिरी, मग काळपट. पहाटे चीर दिली आणि उजाडताच चहाला बसला, तर डाग एवढा गडद दिसणार नाही. संध्याकाळी लागला असेल तर सकाळपर्यंत चांगला उमटेल. आणि त्याला रात्री तो दिसलाच नसेल, म्हणून शर्ट बदलला नाही. हे एकदम बरोबर बसतं. तेव्हा चोरी संध्याकाळीच ठेवा.

डाग निघत नाही हेही खरं. साबण लावा, घासा, काही करा. आमच्याकडे घड कापणाऱ्या माणसांचे कपडे वेगळेच असतात, ते दुसरीकडे घालून जात नाहीत.

खांबाबद्दल. ते खोड दिसतं पण खोड नाही, पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळलेले असतात. सोपटाच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे असतात. नथ आरामात बसते. खांबात पाणी भरपूर, सकाळी कापलेला खांब संध्याकाळी चिरला तरी चीक गळतो. पण एक लक्षात घ्या, चिरेच्या कडाही काळ्या पडतात. सकाळी खांबावर उभी काळी रेघ दिसेल. मागची, भिंतीकडची बाजू ठेवा.

पोपटी_पदर

वाचनवेडीताईंच्या प्रश्नावर. जागरणाच्या रात्री आमच्या घरात सगळ्या सुना-लेकी नऊवारी नेसतात, नथी घालतात. खऱ्या किती जणींच्या असतात? बहुतेक बेन्टेक्सच्या. एका ताटात सगळ्यांच्या ठेवलेल्या असतात, नटायच्या आधी.

त्याने ताटातली एक बेन्टेक्सची नथ उचलून कानबाईला लावली तर? रात्री समईच्या उजेडात, हारफुलांत कोणाला कळणार? सकाळी आजी साज उतरवायला हात लावते आणि बोटांना वजन हलकं लागतं. बोंब तेव्हा होते.

आणि पुढचं ऐका. ताटातली एक नथ कमी झाली म्हणजे कोणा एका सुनेला आपली नथ सापडली नसणार. ती बिचारी कोणाला सांगणार? दीडशे रुपयांची नथ हरवली म्हणून एवढ्या गोंधळात तोंड कसं उघडायचं?

वाचनवेडी

पोपटी_पदर, तुम्हाला दंडवत! याहून चांगला धागा मी अलीकडे कुठे वाचलेला नाही. सगळं गाव सोन्याची नथ शोधतंय आणि किल्ली त्या खोट्या नथीत आहे, जिच्याबद्दल कोणी विचारलंच नाही.

शिवाय यात जावई आधीपासून कट करून आलेला ठरत नाही. समोर ताट होतं, खोलीत कोणी नव्हतं, मन फिरलं. माणूस म्हणून तो वाचकाला कळेल.

तापीकाठ

दोघींचे आभार मानावेत तेवढे थोडे. ही खोटी नथ आक्कापर्यंत कशी पोचेल तेही सुचलं. सोमवारी सकाळच्या गाडीने धाकटी सून माहेरी निघते, पंचमी झाली तरी तिचं माहेरी जाणं राहिलेलं. गाडीला वेळ असतो. आक्काच्या बाकावर बसून ती सहज बोलून जाते की माझीपण नथ गेली, पण माझ्या नथीचं कोण मनावर घेतं.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून थांब्यांवर बायका जास्त दिसू लागल्या, हे आमच्याकडे तरी डोळ्यांना दिसतं. आधी चहाच्या दुकानात बाकावर पुरुषच असायचे. आक्काचं दुकान बाईचं, म्हणून बायका तिथे निवांत बसतात, बोलतात. पोलिसांनी शंभर जबाब घेतले असते तरी त्या सुनेने नथीचं सांगितलं नसतं.

मुक्कामी_गाडी

वडील एसटीत कंडक्टर होते, म्हणून हे नाव. गाडीचा उपयोग अजून एका जागी करता येईल. तिकिटाच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटावर तारीख आणि वेळ छापलेली असते. जावई म्हणाला की रोटाच्या वेळी मी थांब्यावर होतो, मुक्कामी गाडी येताना पाहिली. त्या दिवशी गाडी उशिरा आलेली. तिकिटावरून खोटं पकडता येतं.

वाचनवेडी

वेळेचं खोटं सापडणं फार ठिकाणी वापरून झालंय. डाग आणि दोन नथी एवढे अस्सल धागे असताना त्याची गरज नाही असं माझं मत.

तापीकाठ

मलाही तसंच वाटतं. मुक्कामी_गाडी, गाडी मात्र कथेत राहणारच. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, पहाटे पाचला आक्काकडे येऊन गरम पाणी मागतात, हे तपशील तुमच्याकडूनच विचारून घेईन.

फाट्यावरचा

माझं स्वतःचं चहाचं दुकान आहे, पारोळा रोडला. धागा वाचून राहवलं नाही.

डागाबद्दल पक्कं सांगतो. दुधाच्या चहाचा डाग ताजा असेल तर गार पाण्यानेच बराचसा जातो. वाळला तर फिकट तपकिरी राहतो आणि कडेला गडद गोल रेघ येते. चिकाचा डाग मधोमध सारखा गडद, आणि हाताला कापड कडक लागतं. गाळायचं फडकं रोज हातात असलेल्या माणसाला हा फरक लांबून कळेल. तेव्हा ते खरं मानून लिहा.

पण आक्काला एवढ्यावर थांबवू नका. दुकानदाराचं लक्ष डागावर नंतर जातं, आधी गिऱ्हाइकाच्या वागण्यावर जातं. मला रोजच्या माणसांचं सगळं पाठ असतं. कोण साखर कमी घेतो, कोण बशीत ओतून पितो, कोणाला पहिल्या उकळीचा लागतो. जावई दरवर्षी कानबाईला येतो म्हणजे आक्काला त्याची सवय माहीत आहे. तो चहा घेऊन बसला आणि साय धरेपर्यंत गिलास तसाच राहिला, तर तिथे तिचं मन थबकेल. बाही मग दिसेल.

उधारीची वहीही वापरा. गावात कोणाचा हात आखडला आहे हे वहीत सगळ्यात आधी कळतं. माणूस किराणा थांबवायच्या आधी चहाची उधारी वाढवतो, कारण दहा रुपयांत लाज वाटत नाही. जावई बाहेरगावचा, त्याची वही इथे नसणार, हे खरं. पण तो नेहमी पाच जणांना चहा पाजून पैसे देणारा असेल आणि या वेळी एकटाच कोपऱ्यात बसला, तर ते वहीसारखंच झालं.

तापीकाठ

भाऊ, तुमचा प्रतिसाद मी वेगळा उतरवून ठेवला आहे. पाच जणांना चहा पाजणारा या वर्षी एकटा बसतो, हे तर जसंच्या तसं घेणार, तुमची परवानगी धरून.

जावयाचं कारणही सांगते. त्याची केळी आहे, यावलकडे. जूनमधल्या वादळाने उभी बाग आडवी झाली. रोपांचे, ठिबकचे पैसे डोक्यावर. सासुरवाडीत कोणाला सांगितलेलं नाही.

केळीवाला_रावेर

हे वाचून पोटात कालवलं. मे-जूनचं वारं आमच्या तिन्ही तालुक्यांना ठाऊक आहे. घड भरत आलेले असतात, झाडाचा शेंडा जड झालेला असतो आणि अर्ध्या तासात सगळं झोपतं. टिश्यू कल्चरची रोपं, खतं, ठिबक, सगळा खर्च करून झालेला असतो आणि पैसा हाती यायला महिना उरलेला असतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव मोठं झालं, पण वारं नाव विचारत नाही.

एक मात्र सांगतो. स्वतः केळी पिकवणाऱ्याला खांबात कप्पे असतात हे माहीत असणार, म्हणून लपवायची जागा त्याला सुचली. ठीक. पण चीक डाग पाडतो हेही त्याला माहीत असणार. तो बाहीकडे दुर्लक्ष कसं करेल?

वाचनवेडी

उत्तम प्रश्न.

पोपटी_पदर

घाईत. आतून रोट उरकून माणसं उठल्याचा आवाज आला असेल. आणि सासुरवाडीत नवा पांढरा शर्ट, बायकोनेच कानबाईसाठी घेतलेला. मध्येच बदलला तर तिने विचारलंच असतं, का बदलला?

केळीवाला_रावेर

पटलं. मग त्याने रात्री बाही दुमडून ठेवली असं करा. सकाळी चहाचा गिलास घेताना दुमड सुटते.

सातपुडा_वारा

मी शहादा तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकवतो. माझी मुलं पावरा आणि भिल्ल घरांतली आहेत. हा धागा पहिल्यापासून वाचतोय आणि एका गोष्टीवर मला स्पष्ट बोलायचं आहे.

कथेत संशय आधी मजूर पोरावर जातो. हे वास्तव आहे, म्हणून लिहायलाच हवं. पण बहुतेक कथांत असा पोरगा फक्त वाचकाला चुकवण्यापुरता असतो. खरा चोर सापडला की तो पानावरून नाहीसा होतो. त्याच्यावर काय गुजरलं हे कोणी लिहीत नाही. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण गावात काही हरवलं की आधी कोणाच्या झोपडीत शिरायचं हे आजही ठरलेलं असतं.

त्या पोराच्या कपड्यांवरही चिकाचे डाग असणार. रोजचे, एकावर एक चढलेले. गाव तोच पुरावा म्हणून दाखवेल. आक्काने तिथे बोललं पाहिजे. ज्याचं काम केळीचं आहे त्याच्या अंगावर डाग असणारच, ज्याचं काम त्या दिवशी केळीचं नव्हतं त्याच्या अंगावर का? हा प्रश्न सगळ्यांसमोर यायला हवा.

आणि त्याला नाव द्या. घर द्या. आई द्या.

तापीकाठ

सर, तुमचं म्हणणं मी कथेच्या मध्यभागी ठेवणार आहे. आक्का तपासाला उभी का राहते याचं खरं कारण हेच आहे. नथीसाठी ती उठली नसती, ते आप्पांच्या घरचं प्रकरण. तिच्या बाकावर रोज सकाळी बसून चहात बिस्किट बुडवणाऱ्या पोराला लोक तिच्याच दुकानासमोर धरतात, तेव्हा ती शेगडी बंद करून बाहेर येते.

फाट्यावरचा

यात मीही भर घालतो. जुन्या हॉटेलांत वेगळ्या कपबशा असायच्या, बाहेर ठेवलेल्या. ज्यांना त्यात प्यावं लागायचं त्यांनी पिऊन स्वतः धुवायच्या. घटनेच्या कलम १५ आणि १७ ने हे बंद झालं, तरी कितीतरी वर्षं चालूच राहिलं. म्हातारी माणसं अजून सांगतात. आक्काच्या दुकानात सगळ्यांना एकच गिलास, हे तिने कधी ठरवलं आणि त्यावरून कोण तिच्याकडे यायचं बंद झालं, हे एका परिच्छेदात तरी येऊ द्या. मग पोरगा तिच्या बाकावर का बसतो ते सांगावं लागणार नाही.

कलमदान

जळगावला वकिली करतो. शेवट कसा करणार आहात? कारण कायद्याच्या बाजूने बऱ्याच कथा तिथे घसरतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. राहत्या घरातली चोरी कलम ३०५ खाली येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा. वस्तू परत दिली म्हणून गुन्हा पुसला जात नाही. आक्काने नथ काढून आपल्याकडे ठेवली तर तिच्यावरच बालंट येऊ शकतं. जावयाने तिच्यापुढे कबुली दिली तर ती कोर्टात सांगता येते, पण एकटी कबुली कच्ची धरतात. पोलिसांपुढची कबुली तर आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. तेव्हा आक्काने त्याला दुकानात बसवून सगळं वदवून घेतलं असा शेवट करू नका.

खांब उघडायचा तर चार लोकांसमोर उघडा. एकटीने उघडला तर उद्या कोणीही म्हणेल, हिनेच ठेवली होती.

तापीकाठ

कलमदान, मी पोलीस पाटलांना बोलवायचा विचार करत होते.

कलमदान

विचार करून बोलवा. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे गावातल्या गुन्ह्यांची माहिती ठाण्याला देणं हे त्यांचं काम आहे. ते समोर असले तर प्रकरण घरात मिटवल्याचं दाखवता येणार नाही. तुम्हाला ते ठाण्यात न्यायचं असेल तर अवश्य बोलवा.

लळिंग

ठाण्यात नको ताई. कानबाईच्या दिवशी घरचा जावई बेड्यांत, हे आजीला सोसणार नाही.

सातपुडा_वारा

पोरगा असता तर सोसलं असतं का गावाला? मला जावई तुरुंगात हवा असं नाही. पण पोराला ज्या जागी, ज्या लोकांसमोर चोर म्हटलं, त्याच जागी त्याच लोकांसमोर ते शब्द परत घेतले गेले पाहिजेत. घरात दार लावून मिटवलं तर पोरगा गावासाठी चोरच राहिला.

वाचनवेडी

सरांशी पूर्ण सहमत. कथेचा कस इथेच लागणार आहे.

केळीवाला_रावेर

मला शेवटासाठी एक गोष्ट सुचली. श्रावणात तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात. एकेचाळीस दरवाजे आहेत, पाणी सोडलं की खाली तापी दोन्ही थड्या भरून वाहते. गावांना आधी सूचना येते, नदीपात्रात उतरू नका. त्या सकाळी तशी सूचना येऊ द्या. मग कोणीतरी म्हणेल, सगळं एकदाच काठावरून सोडू, खांबही कानबाईबरोबर पाण्यात जाऊ द्या, पुन्हा फेरी नको.

आता जावयाचं काय होईल? खांब तापीत गेले की नथ भरूचला पोचेल.

लळिंग

तापी भरूचला जात नाही भाऊ, ती नर्मदा. तापी सुरतेकडे.

केळीवाला_रावेर

सुरत. बाकी मुद्दा तोच.

पोपटी_पदर

म्हणजे जावई खांब पाण्यात सोडू देणार नाही! कधी गोठ्यात पाय न ठेवणारा माणूस म्हणेल, खांब ढोरांना घाला, वाया कशाला घालवता. आणि आक्का तिथेच उभी असेल.

तापीकाठ

आता सगळं एका जागी आलं. मी शेवट असा बांधते, बघा पटतोय का.

झडती झाली आहे, पोराला थांब्यावर बसवून ठेवलं आहे, त्याची आई पाड्यावरून निघाली आहे. आजीने ठरवलं की कानबाईला थांबवायचं नाही, खोट्या नथीसह ती उठेल. खांब नदीला न्यायचे ठरतात. जावई अडवतो. आक्काच्या डोक्यात बाही, साय धरलेला गिलास आणि सुनेची हरवलेली नथ आधीच होत्या, आता खांब त्यांना येऊन मिळतो. ती कोणावर बोट दाखवत नाही. एवढंच म्हणते की ढोरांनाच घालायचे तर माझ्या गायीला द्या, आणि तुमच्या अंगणातच चिरून द्या, मला नेताना हलके पडतील. चिरायला विळा कोणाच्या हातात देते? त्या पोराच्या. केळी कापणं त्याचं काम आहे. आजी, आप्पा, विसर्जनाला जमलेलं अर्धं गाव समोर. खांबाच्या मागच्या बाजूची काळी रेघ पोरालाच पहिल्यांदा दिसते, कारण चिरलेला खांब कसा दिसतो ते त्यालाच ठाऊक. तो आप्पांना बोलावून दाखवतो, मगच सोपट उलगडतो.

कलमदान

उघड्यावर, घरमालकासमोर, इतक्या लोकांच्या डोळ्यांदेखत. कायद्याने याहून स्वच्छ काही नाही. एक धोका मात्र आहे. ज्याच्यावर आळ आहे त्याच्याच हातून माल निघतो आहे. कोणी म्हणेल, त्यालाच जागा माहीत होती.

तापीकाठ

म्हणेल, आणि मी ते म्हणू देणार आहे. गर्दीतून तो आवाज येतो. तेव्हा आक्का धाकट्या सुनेला पुढे करते. तिची सकाळची गाडी पाण्यामुळे रद्द झालेली, ती घरीच आहे. सून सांगते की कानबाईच्या नाकातली खोटी नथ माझी आहे, ती संध्याकाळी रोटाआधी ताटात होती आणि रोटानंतर नव्हती. पोरगा खांब बांधून दुपारीच निघून गेला होता, संध्याकाळी तो आक्काच्या बाकावर बसला होता, हे आक्का सांगते, कंडक्टर सांगतो. मुक्कामी_गाडी, तुमच्या गाडीला इथे काम मिळालं.

मुक्कामी_गाडी

आनंद झाला! पण मग गाडी त्या दिवशी वेळेवर आली पाहिजे, रोटाच्या सुमाराला. मुक्कामी गाड्या बहुधा रात्री उशिरा पोचतात. रोट दिवेलागणीच्या नंतर ठेवा.

लळिंग

आमच्याकडे रोट होता होता रात्र होतेच. काही अडचण नाही.

वाचनवेडी

आणि जावई?

तापीकाठ

आक्का त्याचं नाव घेत नाही. रोटाच्या वेळी कानबाईपाशी कोण होतं, हे त्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो स्वतः पुढे येतो. आजी आधी त्याच्याशी बोलत नाही. ती पोरापाशी जाते, सगळ्यांसमोर त्याला म्हणते की आम्ही तुला चोर म्हटलं, ते खोटं होतं. आप्पांनाही म्हणायला लावते. नंतर सगळे थांब्यावर जातात, जिथे त्याला धरलं होतं, आणि तिथे त्याच्या आईसमोर पुन्हा म्हणतात. सातपुडा_वारा सर, हे तुमच्या सांगण्यावरून.

जावयाच्या कर्जाचं पुढे काय, तक्रार द्यायची की नाही, हे आप्पा आणि आजीचं भांडण मी उघडं लिहिणार आहे. दोघांचं दोन बाजूंनी. आक्का त्यात पडत नाही, तिला दुकान उघडायचं असतं.

सातपुडा_वारा

हे वाचायला मी थांबेन. पोराच्या आईचे संवाद पावरीत हवे असतील तर माझ्या शाळेतल्या बायांना विचारून देतो.

पोपटी_पदर

सुनेला तिची बेन्टेक्सची नथ परत मिळते का?

तापीकाठ

मिळते. आजी स्वतः देते. पण देवीच्या नाकात राहिलेली म्हणून ती आता रोज घालायची की देव्हाऱ्यात ठेवायची, यावर सुना दिवसभर बोलत राहतात.

फाट्यावरचा

पोराचा चहा त्या दिवशी कोण पाजतो ते ठरवलंत का? आप्पांनी पाजला पाहिजे, आणि बाकावर त्याच्याशेजारी बसून.

तापीकाठ

घेतलं भाऊ. अहिराणी संवाद मात्र तपासून हवे आहेत. आक्का जावयाला बाहीबद्दल म्हणते ते असं लिहिलंय: «पाहुना, हाऊ डाग चहाना नही शे.»

लळिंग

वाक्य बरोबर आहे, पण जावयाला ती सरळ असं म्हणणार नाही, मान ठेवेल. «पाहुना, शर्ट काढी द्या, मी धुई देस» असं म्हणू द्या. तो नाही म्हणेल, आणि तिला काय समजायचं ते समजेल. बाकीचे संवाद पाठवा, रविवारी बसून बघतो. आईलाही वाचून दाखवेन, तिची अहिराणी माझ्यापेक्षा पक्की आहे.